पुठ्ठ्याचा सोफा

दिवाणखान्यातला सोफा पुठ्ठ्याचा होता आणि त्याला दोन महिने एकोणीस दिवस झाले होते. अकरा खोकी, चिकटपट्टीचे दोन गुंडाळे आणि वरून राखाडी चादर, असा तो सोफा. त्यावर बसायचे नव्हते. त्याच्या आजूबाजूने वावरायचे होते.

ही पद्धत घरातल्या बाईची. ती वजनमापांच्या प्रयोगशाळेत काम करत असे. किराणा दुकानांतले तराजू, दवाखान्यांतले काटे, औषधवाल्यांची नखाएवढी वजने तिच्या हाताखालून तपासून जात, आणि एकदा तिचा शिक्का बसला की तो किलो कुठेही नेला तरी किलोच. इमारतीत तिला सगळे वजनबाई म्हणत. नवरा शाळेत भूमिती शिकवायचा, तो मास्तर. राहायला आले तेव्हाच दोघांनी ठरवले होते की घर एकदम भरायचे नाही. एकेक वस्तू घ्यायची, नीट विचार करून. आधी जमिनीवर खडूने जागा आखायची, एक महिना. मग त्याच मापाची पुठ्ठ्याची प्रतिकृती, तीन महिने. तेवढ्या काळात कुणाची नडगी किती वेळा आपटली, खिडकीचा उजेड किती अडला, झाडू कुठल्या कोपऱ्यात अडकला, हे सगळे वहीत लिहायचे. मग निकाल.

या शिस्तीला चार वर्षे झाली होती. घरात एक पलंग होता, एक पुस्तकांचे कपाट होते आणि एक उभा दिवा होता. तिन्ही वस्तू अशा, की पाहणाऱ्याने पाहत राहावे. पण पाहायला कुणी येत नसे, कारण आलेल्याला बसवायचे कुठे हा प्रश्न अजून वहीतच होता.

गुरुवारी संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या सिस्टर आल्या. सिस्टर म्हणजे निवृत्त परिचारिका. नोकरी संपली तरी नाडी पाहायची सवय संपली नव्हती; बोलता बोलता समोरच्याचे मनगट त्यांच्या हातात गेलेले असे. त्यांचा स्वयंपाकघरातला काटा रिकामा असतानाही शंभर ग्रॅम दाखवत होता. वजनबाईने तो हातात घेतला, "आलेच हं," म्हणाली आणि खात्रीची वजने आणायला आत गेली.

बसा असे ती म्हणाली नव्हती. हे तिने पुढे मास्तरांना तीन वेळा सांगितले. पण बसू नका असेही म्हणाली नव्हती.

आवाज फार मोठा झाला नाही. एखादे भले मोठे पार्सल सावकाश चिरडले जावे तसा झाला. ती धावत बाहेर आली तेव्हा सोफ्याच्या मधोमध खड्डा पडला होता आणि खड्ड्यातून सिस्टरांची पावले, गुडघे आणि चष्मा एवढेच वर दिसत होते.

तिने त्यांना बाहेर ओढले. सिस्टरांना लागले नव्हते. त्यांनी पदर सारखा केला, मग खाली वाकून चादरीचा कोपरा उचलला. आतल्या खोक्यावर छापले होते, "नाजूक वस्तू. जपून हाताळा." सिस्टरांनी ते वाचले. मग त्यांनी उघड्या भिंतींकडे पाहिले, मोकळ्या फरशीकडे पाहिले आणि त्यांचा चेहरा बदलला.

"कधीपासून असं आहे?" त्यांनी हळू आवाजात विचारले.

एका म्हाताऱ्या बाईला आपण खड्ड्यात पाडले, या विचाराने वजनबाईची जीभ आधीच जड झाली होती. अशा वेळी तिच्या तोंडून फक्त अचूक उत्तरे निघत.

"दोन महिने एकोणीस दिवस."

"आणि त्याआधी?"

"त्याआधी नुसत्या खडूच्या रेघा होत्या."

सिस्टरांनी क्षणभर डोळे मिटले. "जेवता कुठे गं?"

"खाली बसून. टेबलाचं चाललंय. दीड वर्ष झालं."

"मास्तरांना हे सगळं..."

"रेघा तेच मारतात. त्यांचा हात सरळ आहे."

एव्हाना तिचे मनगट सिस्टरांच्या हातात गेले होते. "काही बोलू नकोस," त्या म्हणाल्या. "कळतं मला."

बोलायचे तर तेव्हाच बोलायला हवे होते. पण सिस्टरांच्या केसांत अजून पुठ्ठ्याचा तुकडा अडकलेला होता. आम्ही अडचणीत नाही, आम्ही विचार करतोय, आणि तुम्ही त्या विचारावर बसलात, हे त्या माउलीला कुठल्या तोंडाने सांगायचे? तिने फक्त तो तुकडा काढून घेतला. सिस्टर डोळे पुसत खाली गेल्या. काटा इथेच राहिला.

शुक्रवारी मास्तर शाळेतून परत येत होते. दुसऱ्या मजल्यावर त्यांना एक सोफा आडवा आला. एका टोकाला वकील, दुसऱ्या टोकाला बसचे ड्रायव्हर आणि बँकेतले कॅशियर, मागे सूचना देत सिस्टर. एक कोपरा रिकामा होता. मास्तरांनी पिशवी गळ्यात अडकवली आणि तो कोपरा धरला.

"कुणाकडे चाललाय?" त्यांनी विचारले.

कॅशियर त्यांच्याकडे पाहीनात. "आहे एक कुटुंब," ड्रायव्हर जिन्याकडे बघत म्हणाले. "फार स्वाभिमानी माणसं आहेत. बोलत नाहीत."

"चांगलं काम करताय," मास्तर मनापासून म्हणाले. वळणावर सोफा अडकेल असे त्यांच्या भूमितीने त्यांना सांगितले, पण वकिलांनी "आता डावीकडून तिरका, आता उभा," असे म्हणत तो लोण्यातून सुरी जावी तसा काढला. मास्तरांना या तिघांचे कौतुक वाटले. मग सगळे तिसऱ्या मजल्यावर थांबले, आणि तिसऱ्या मजल्यावर एकच बिऱ्हाड होते.

दार वजनबाईने उघडले. तिला सोफ्याच्या आधी नवऱ्याचा चेहरा दिसला.

सात फुटी सोफा होता तो. लालसर जांभळी मखमल, खाली सोनेरी झालर, आणि दोन्ही हातांच्या टोकांना कोरलेले लाकडी हंस. एका हंसाला चोच नव्हती. पुठ्ठ्याचा चुराडा कॅशियरांनी पायाने बाजूला सारला आणि सोफा त्या जागी बसला. चार माणसे दम खात उभी राहिली, त्यांतला एक तिचाच नवरा. धापा टाकणाऱ्या माणसांना हे परत खाली न्या म्हणणे तिला जमले नाही. तिने पाणी आणले.

"आता बस," सिस्टर म्हणाल्या. "पाठ टेकून बस. मला बघू दे."

ती बसली. कानाच्या पाळ्यांपासून मानेपर्यंत आग झाली. सिस्टर समाधानाने बघत राहिल्या.

ते सगळे गेल्यावर नवराबायकोत ठरले की हा गैरसमज उद्याच्या उद्या दूर करायचा. मास्तरांनी वकिलांकडे जायचे, तिने कॅशियरांच्या घरी. दुसऱ्या दिवशी मास्तर अर्ध्या तासात परत आले तेव्हा त्यांच्या हातात काचेचे टीपॉय होते.

"अहो, हे काय?"

"मी म्हटलं, साहेब, आमच्याबद्दल थोडा गैरसमज झालाय. तर ते म्हणाले, सज्जन माणूस असंच म्हणणार. मी म्हटलं, आम्हाला खरंच गरज नाही. तर त्यांच्या बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं." मास्तरांनी टीपॉय खाली ठेवले. "तुझं काय?"

तिने पाठीमागे धरलेली तसबीर पुढे केली. चौकटीत धबधबा होता, आणि विजेची पिन लावली की पाणी वाहिल्यासारखे दिसायचे.

त्यानंतर वस्तू आपल्या पायांनी येऊ लागल्या. ड्रायव्हरांकडून आरशाचे कपाट आले, ज्याचे दार उघडले की मिटत नसे. वकिलांकडून पुन्हा, यावेळी प्लॅस्टिकच्या द्राक्षांची परडी. ज्यांनी काही दिले नव्हते ते भाजीचा डबा देऊन जात. आणि देणारा प्रत्येक जण दोन दिवसांनी आपली वस्तू कशी आहे हे पाहायला येई, तिच्यावरून हात फिरवी आणि खाली जाताना जिन्यात म्हणे, "बरं केलं आपण."

तिला सगळ्यात जास्त लाज वाटू लागली ती स्वतःच्याच हातून होणाऱ्या गोष्टींची. चांगल्या चपला ती पिशवीतून नेऊ लागली आणि बसथांब्यावर घालू लागली. नवी साडी तिने आरशाच्या कपाटात तळाशी टाकली. एकदा मास्तर फळे घेऊन येत होते, तेव्हा सिस्टर जिन्यात दिसताच त्यांनी पिशवी छत्रीत लपवली आणि भर उन्हाळ्यात मिटलेली छत्री पोटाशी धरून तिसरा मजला गाठला. प्रयोगशाळेत तिने पूर्वी कितीतरी वेळा लबाड वजने पकडली होती. वरून चोख, शिक्कासुद्धा खरा, पण तळाला पोखरून पोकळ केलेली. ती उलटी करून दाखवली की दुकानदार मान खाली घालायचा, आणि तिला त्याचे कधी वाईट वाटले नव्हते. आता ती वजने हातात आली की तिचीच मान खाली जाई.

मास्तर म्हणाले, थोडे दिवस जाऊ देत, मग आपली परिस्थिती हळूहळू सुधारतेय असे दाखवू. तिलाही ते पटले. पटले याचीही तिला लाज वाटली.

पण टेबल तयार होत होते.

जेवणाच्या टेबलाचा विचार दीड वर्षापूर्वी सुरू झाला होता आणि सध्याच्या विचारांपैकी तो एकटाच निकालापर्यंत पोचला होता. त्यासाठी त्यांना मनासारखा सुतार मिळाला होता. "घाई आहे का?" असे तो आशेने विचारायचा, आणि नाही म्हटले की त्याचा चेहरा खुलायचा. बारा महिने तो त्या टेबलावर काम करत होता. ती त्याच्या शेडवर जायची, लाकडाला हात लावायची, दोघे थोडा वेळ गप्प उभे राहायचे, मग ती परत यायची. टेबल पुढच्या महिन्याच्या शेवटी देतो, असे त्याने सांगितले होते. त्याचा पुढचा महिना म्हणजे त्याच्या पुढचा, हे तिला अनुभवाने माहीत होते. तेवढ्यात काहीतरी मार्ग निघेल, असा तिचा हिशेब होता.

सुताराने आयुष्यात पहिल्यांदा काम वेळेआधी पुरे केले.

रविवारी सकाळी इमारतीची पाण्याची टाकी धुवायचे काम चालले होते. सगळे खाली अंगणात, बादल्या आणि झाडू घेऊन. वजनबाई आणि मास्तर बादल्या घेऊन जिना उतरत होते. फाटकात टेम्पो थांबला. सुतार खाली उतरला, दोन हमालांकडून टेबल अंगणात ठेवून घेतले आणि त्यावरची गोधडी काढली.

उन्हात ते लाकूड मधासारखे दिसले. चार साधे पाय, वर एक फळी, कुठे नक्षी नाही. तरी कॅशियरांनी झाडू खाली ठेवला. ड्रायव्हर हात पुसून जवळ आले आणि हात न लावता परत मागे सरले.

"कुणाचं हो हे?" सिस्टरांनी विचारले.

"वरच्या बाईंचं," सुतार म्हणाला. "तिसऱ्या मजल्यावरच्या. वर्षभर लागलं, पण झालं."

सगळ्यांनी जिन्याकडे पाहिले. ती शेवटून तिसऱ्या पायरीवर होती. 

"आमचं नाही हे," ती म्हणाली. "पत्ता चुकला असेल तुमचा."

मागे मास्तरांनी श्वास रोखल्याचे तिला ऐकू आले. सुतार चिडला असता तर बरे झाले असते. तो चिडला नाही. आपल्यालाच काही ऐकू आले नसावे अशा चेहऱ्याने तो तिच्याकडे पाहत राहिला.

"बाई, चौदा वेळा आलात तुम्ही," तो म्हणाला. "हा कोपरा मी तुमचा अंगठा ठेवून ठेवून गोल केलाय. या, अंगठा लावून बघा. पत्ता चुकला असेल तर बसणार नाही."

ती उतरली. बादली कुठे ठेवली ते तिला नंतरही आठवले नाही. तिने कोपऱ्यावर अंगठा ठेवला आणि तो बसला. एक केसभर इकडे नाही, तिकडे नाही. वर्षभर एका माणसाने तिच्या अंगठ्याची काळजी घेतली होती, आणि तिने त्याला चार लोकांत खोटे पाडले होते. धरणीने पोटात घ्यावे असे म्हणतात, तसे काही झाले नाही. फरशी ओली होती, एवढेच.

"माझंच आहे," ती म्हणाली. मग वळली आणि सगळ्यांना म्हणाली, "आम्ही गरीब नाही. आम्ही सावकाश आहोत."

रबरी नळीतून पाणी वाहत होते. कॅशियरांनी जाऊन नळ बंद केला.

तिने सगळे सांगितले. खडू, पुठ्ठा, तीन महिने, वही. बसथांब्यावरच्या चपलासुद्धा सांगितल्या. मास्तरांनी छत्रीतल्या फळांची भर घातली. ती नसती घातली तरी चालले असते.

"म्हणजे तो पुठ्ठा मुद्दाम होता?" वकिलांनी विचारले.

"सोफा तिथे बरा वाटतो का, ते बघायला."

"मग? काय निष्कर्ष निघाला?"

"निघायच्या आधीच सिस्टर बसल्या."

वकिलांनी मान डोलावली, जणू हे कायद्याला धरूनच झाले होते. तिने दोन्ही हात एकमेकांत घट्ट धरले. "तुम्हाला सगळ्यांना फसवलं मी. तुमच्या वस्तू आजच्या आज परत करते. सोफा, टीपॉय, कपाट, सगळं. ज्याचं त्याच्या घरी आणून देते."

आता खरे म्हणजे लोकांनी रागवायला हवे होते. तसे काही दिसेना. वकील आकाशाकडे पाहू लागले. ड्रायव्हरांना एकाएकी टाकीच्या झाकणात काहीतरी दिसले. कॅशियरांची बायको म्हणाली की धबधबा राहू दे, तो भिंतीला शोभतो. सिस्टर मात्र खाली बघत होत्या, आणि त्यांचा चेहरा पाहून वजनबाईला वाटले, आरसाच समोर धरलाय.

"सोफा नको आणूस गं," सिस्टर म्हणाल्या.

"अहो पण तुमचा आहे तो."

"माझा कुठला. मी निवृत्त झाले तेव्हा या कॅशियरसाहेबांनी दिला. सिस्टर, आयुष्यभर उभ्या राहिलात, आता बसा, असं म्हणाले. मला रडू आलं होतं."

कॅशियर पुटपुटले की त्यांच्याकडे तो ड्रायव्हरांकडून आला होता, मुलगी झाली तेव्हा. ड्रायव्हर म्हणाले की त्यांच्या पायाचे हाड मोडले होते, तेव्हा वकीलसाहेबांनी पाठवला. वकिलांनी घसा साफ केला आणि ते म्हणाले की तो त्यांच्या सासऱ्यांनी दिलेला होता, आणि याहून अधिक ते काही सांगू इच्छित नाहीत. जिन्याच्या वळणावर तो कसा तिरका करायचा हे तिघांना पाठ का होते, ते मास्तरांना आता कळले.

"नऊ वर्षं माझ्या घरात आहे तो," सिस्टर म्हणाल्या. "बसलं की कंबर धरते. कुणाला द्यावा तर सगळ्यांकडे राहून आलेला. तुझ्याकडे पडले ना मी, तेव्हा खरं सांगते, आधी भिंत दिसली. सात फूट, मोकळी. मग तुझी दया आली. फार उशिरा नाही आली. पण आधी भिंत दिसली." चष्मा काढून त्या पुसत राहिल्या. तो आधीच स्वच्छ होता.

टाकी त्या दिवशी अर्धीच धुतली गेली. किरकोळ वस्तू लोकांनी मुकाट्याने परत नेल्या. धबधबा एकटा राहिला, कारण तो न्यायला कुणीच आले नाही. सुतार टेबल वर चढवून, पाय सपाट टेकलेत ना हे चारदा तपासून गेला. जाताना तिने त्याची माफी मागितली. तो म्हणाला, असू दे बाई, पण पुढच्या वेळी घाई करू नका.

सोफ्याचे कुणी नाव काढले नाही. वकिलांनी फक्त एवढेच मत दिले की वस्तू स्वेच्छेने दिली आणि स्वीकारली गेली, तेव्हा ती आता तिसऱ्या मजल्याची. तो इतका मोठा होता की टेबल त्याच्या आणि भिंतीच्या बेचक्यात बसले आणि जेवायला एकाच बाजूने जाता येई. मास्तर आणि ती सोफ्यावरच शेजारी शेजारी बसून टोकाच्या हंसाकडे बघत जेवत. हंसाला चोच नव्हती, तरी तो काहीतरी बोलेल असे वाटे. कंबर धरते हेही खरे निघाले. भंगारवाला येऊन पाहून गेला आणि म्हणाला, जिन्यातून उतरवायला माणसे तुमची.

असे चार महिने गेले. मग एका दुपारी सिस्टर वर आल्या, दारातच थांबल्या.

"तळमजल्यावर नवीन जोडपं आलंय," त्या म्हणाल्या. "पाण्याच्या वेळा माहीत नसतील त्यांना. जाऊन सांगून ये जरा." एवढे बोलून त्या तिच्या नजरेला नजर न देता खाली उतरल्या.

ती गेली. पाण्याच्या वेळा सांगायलाच गेली, शपथेवर. दार एका तरुण मुलीने उघडले. हातात झाडू, कपाळावर घाम, चेहऱ्यावर नव्या घराचा आनंद. खोली धुऊन लख्ख केलेली होती. खिडकीत एक कुंडी, खाली एक चटई, बाकी काही नाही.

"या ना ताई, या," मुलगी म्हणाली, आणि मग ओशाळून हसली. "बसायला काही नाही हो अजून. एकदम सगळं घ्यायचं नाही, असं ठरवलंय आम्ही. एकेक वस्तू घेऊ. सावकाश, विचार करून."

हे वाक्य दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकायला मिळावे म्हणून वजनबाई कित्येक वर्षे थांबली होती. या मुलीचा हात हातात घ्यावा, खडू पिवळा वापर म्हणून सांगावे, दाराला आतून कडी लावत जा आणि या इमारतीत कुणालाही आत घेऊ नकोस, मलासुद्धा नको, असे बजावावे, हे सगळे तिच्या मनात आले. अगदी खरोखर आले, आणि कानाच्या पाळ्या तापायला लागल्या.

पण त्याआधी तिला भिंत दिसली होती. खिडकीपासून दारापर्यंत सात फूट दोन इंच. पट्टी लावायची गरज नव्हती.

"छान विचार आहे," ती म्हणाली, आणि आपला आवाज इतका मायाळू असू शकतो हे तिला तोवर माहीत नव्हते.